भाव रुमालाखाली, दात उघड्यावर

केराबाईला राग लवकर येत नसे. पण आला की तो पाहुण्यासारखा निघून जात नसे, मुक्कामालाच राही. भांडी आपटणं, दारात उभं राहून शिव्या देणं असलं तिच्यात काही नव्हतं. ती गप्प होई, कातायचा हात जलद चाले आणि लोकरीचा धागा नेहमीपेक्षा बारीक पडे. घरातली माणसं धाग्यावरून ओळखत. मुलगा बिरप्पा मागावर बसल्या बसल्या सूत चाचपून बायकोला हळूच सांगे, आज आईच्या वाटेला जाऊ नकोस.

सोलापुरात मंगळवारच्या बाजाराच्या मागच्या अंगाला घोंगडी विणणाऱ्या धनगरांची काही घरं होती, त्यांतलं हे एक. केराबाई लोकर पिंजायची, कातायची, विणून झालेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ द्यायची. सासू म्हाळसाबाई बाजाराच्या दिवशी घोंगड्यांची चळत मांडून बसायची. आणि नवरा धुळाप्पा मेंढरांचे दात बघायचा.

तोच त्याचा धंदा होता. मेंढीला पुढचे दात खालीच असतात, वर नुसती हिरडी. दोन दात आले म्हणजे वय काय, चार आले म्हणजे काय, सगळे जुळले म्हणजे काय, हे कुणीही मेंढका सांगेल. धुळाप्पा त्याच्या पुढचं सांगे. दात लांब दिसतो तो वाढल्यामुळं की हिरडी खाली सरकल्यामुळं, ही मेंढी अजून किती वेतं देईल, हे तो अंगठा फिरवून सांगे. दात गेलेल्या मेंढीला गवत तोडता येत नाही, ती खंगत जाते आणि मग तिला फक्त खाटीक विचारतो. म्हणून सौद्यात सगळ्यांत आधी तोंड उघडलं जाई. भावाची बोलणी रुमालाखाली, बोटं दाबून चालत. ती तिसऱ्याला कळत नसत. पण दात मात्र चारचौघांत मोठ्यानं सांगायचे, अशी बाजाराची रीत होती. भाव रुमालाखाली, दात उघड्यावर.

धुळाप्पानं या रीतीला कधी बट्टा लावला नव्हता. केराबाईचा सख्खा भाऊ येडू नातेपुत्याहून मेंढ्या घेऊन आला होता, तेव्हा त्याच्या मेंढीची खोडही त्यानं सगळ्यांदेखत सांगितली. येडू रुसून गेला, केराबाईला मात्र त्या दिवशी नवऱ्याचा अभिमान वाटला होता. एकदा एका व्यापाऱ्यानं आजारी मेंढीच्या हिरड्यांना तुरटीचं पाणी चोळून आणलं होतं. हिरड्या घट्ट, फिक्या, कशा ठणठणीत दिसत होत्या. धुळाप्पानं तांब्यातलं पाणी मारून तोंड धुतलं, दाताच्या मुळाशी अंगठा दाबला, आणि पिवळा पू वर आला. "दाबल्याबिगर हिरडी खरं बोलत न्हाय," तो म्हणाला. ते वाक्य पुढं कितीतरी दिवस बाजारात फिरत होतं.

अशा माणसाच्या बायकोचा खालचा दात एका सकाळी भाकरीत निघाला.

कडक भाकरी होती, आदल्या आठवड्यातली, वाळवून ठेवलेली. केराबाईनं तुकडा मोडला, चावला, आणि खडा लागला म्हणून हातावर काढला. तो खडा नव्हता. पिवळा, लांबलचक दात होता, आणि त्याच्या मुळावर वाळलेल्या चुन्यासारखा कठीण थर होता. दुखलं काहीच नाही. रक्तही नाही. तिनं जीभ लावून पाहिली, तर जिथं दात होता तिथं मऊ खळगा. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. एवढी मोठी वस्तू अंगातून निघून जाते आणि अंगाला पत्ताही लागत नाही, याचाच तिला पहिला राग आला.

तिनं दात नवऱ्याला दाखवला. धुळाप्पानं तो बोटात फिरवून पाहिला, म्हणाला, "चालायचंच. वय झालं की आता," आणि हात धुवायला उठला. केराबाई तेव्हा छत्तिशीची असेल. तिच्या सासूला साठी उलटून गेली होती आणि म्हाळसाबाई बसल्या जागी शेंगदाणे कडाकडा फोडत होती.

त्या दिवशी धागा फार बारीक पडला.

तसं हे एका सकाळचं काम नव्हतं. बिरप्पाच्या वेळी दिवस गेले, तेव्हा ती पोरसवदाच होती. दात घासताना थुंकीत तांबडं दिसू लागलं. हिरड्या फुगून दातांवर चढल्या होत्या, हात लागला की रक्त. घाबरून सासूला सांगितलं. म्हाळसाबाईनं मायेनं जवळ घेतलं, कमरेची डबी काढली आणि तव्यावर जाळून कुटलेली तंबाखूची मिश्री स्वतःच्या बोटानं सुनेच्या हिरड्यांवर चोळली. डोकं गरगरलं, उलटी झाली. पण आठवड्याभरात रक्त थांबलं. सासूला केवढा आनंद झाला. दुखऱ्या जागी दातणाची काडी लावायची नाही, मिश्री लावायची, ती हिरडी आवळते, हे त्या घरातलं शास्त्र होतं. केराबाईनंही ते मानलं. पुढं सकाळी मिश्री, दुपारी मिश्री, रात्री मिश्री. रक्त पुन्हा आलं नाही, म्हणून दुखणं गेलं असं सगळ्यांनी धरलं. मग कधीतरी तोंडाला वास येऊ लागला, पित्त असेल. पुढचे दात लांब दिसू लागले, त्यांच्यात फटी पडल्या, वय असेल. भाकरी फटीत अडकू लागली. मधूनच हिरडीला फोड यायचा, फुटायचा, खारट चव यायची. दात पेटीच्या पट्ट्यांसारखे बोटानं हलू लागले. प्रत्येक वेळी मिश्रीचं बोट थोडं जास्त दाबलं जाई, इतकंच.

सात रस्त्याजवळ तेव्हा सोमलिंग डॉक्टरांनी दवाखाना उघडला होता. तीस सालचा मार्शल लॉ होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, गाव जरा सुधारलं होतं. कलकत्त्याला जाऊन फक्त दातांचंच शिकून आलेला माणूस म्हणून लोक त्यांच्याकडं कुतूहलानं बघत आणि दात उपटायला मात्र न्हाव्याकडं जात. केराबाईही दाखवायला गेली नव्हती; त्यांनी सांगितलेली घोंगडी पोचवायला गेली होती. पदर तोंडावर धरूनच ती बोलत होती. डॉक्टरांनी घोंगडी बघितली, मग म्हणाले, "अव्वा, पदर कशाला? बसा, बघतो. पैसे नाही घेत."

बघून त्यांनी लोखंडी आकडीनं दातांच्या मुळाशी साठलेले खडे काढायला घेतले. दोन खेपा लागल्या. दुसऱ्या खेपेनंतर केराबाई घरी आली तर गार पाणी दाताला झोंबत होतं, फटी मोठ्या झाल्या होत्या आणि दात पहिल्यापेक्षा जास्त हलत होते. वस्तीतल्या बायकांनी एकमुखानं सांगितलं की डॉक्टरनं दातांचा टेकाच काढून घेतला. तो खडा होता म्हणून तर दात उभे होते. केराबाईला ते पटलं. ती तशीच उलट्या पावली निघाली. दवाखान्यात एक वकील खुर्चीत तोंड उघडून बसले होते, त्यांच्यासमोरच तिनं डॉक्टरांना विचारलं की गरिबाचं तोंड फुकट मिळालं म्हणून हात साफ करून घेतला का.

सोमलिंगही काही शांत माणूस नव्हते. "तुमचा टेका मी काढला? तुमचा टेका वीस वर्षं ह्या काळ्या भुकटीनं काढला," ते म्हणाले. मग वकिलांना थांबायला लावून त्यांनी तिला सगळं सांगितलं. चिडून सांगितलं, पण सांगितलं. दात घासला नाही की त्याच्या कडेला चिकट थर बसतो. तो रोज गेला पाहिजे. गेला नाही तर त्याचा खडा होतो आणि खड्यावर आणखी घाण बसते. हिरडी सुजते, रक्त येतं. पोटुशी बाई असली तर ती अधिकच सुजते. इथवर सगळं परत फिरतं. साफ ठेवलं की हिरडी पुन्हा दाताला बिलगते. नाही ठेवलं तर हिरडी दातापासून सुटते, मधे खिसा पडतो, खिशात पू होतो, आणि आतलं हाड, ज्यात दात रोवलेला असतो, ते झिजत जातं. जमीनच वाहून गेली तर मेख कशात उभी राहणार? खडा टेका देत नाही, तो जमीन खातो. तो काढला म्हणून फक्त उघडं पडलं, की खाली जमीन किती उरली.

"आन् मिसरीनं रगत थांबलं, ते?" केराबाईनं विचारलं.

"थांबलं नाही. तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आवळल्या. दुखणं आत चालूच होतं, बाहेर फक्त दिसेनासं झालं."

केराबाईच्या डोळ्यांसमोर ती तुरटी चोळलेली मेंढी उभी राहिली होती. मग तिनं एवढंच विचारलं की ज्या पोरीला आताच रक्त यायला लागलं आहे, तिचं काय. डॉक्टर म्हणाले, तिचं सगळं वाचेल. मऊ चावलेली कडुनिंबाची काडी दोन वेळा, रक्त येईल तिथं तर आधी, हलक्या हातानं, मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा, तंबाखू बंद. आणि एकदा इकडं आणा. तुमचं हाड मात्र मी परत आणू शकत नाही, अव्वा. उरलंय तेवढं जपू.

ती पोर म्हणजे तिची सून, तानाबाई. सहावा महिना चालू होता. आणि म्हाळसाबाईनं कालच तिच्या हिरड्यांना मिश्री लावायला सुरुवात केली होती.

घरी भांडण झालं नाही, कारण म्हाळसाबाई भांडलीच नाही. ती हसली. आपला काळाभोर ओठ वर उचलून तिनं दात दाखवले; एकही पडला नव्हता. म्हणाली, "माजी जिंदगी गेली मिसरीत. ह्ये बग की. तुजं त्वांडच नाजूक, त्याला म्या काय करू?" डॉक्टरांनी सांगितलं होतं की काहींना सोसतं, काहींना सोसत नाही, आणि आधी कुणाच्याच कपाळावर लिहिलेलं नसतं. पण हे सांगितलं तर म्हातारी म्हणे, मग तानाला सोसंल. म्हातारीच्या मनात पाप नव्हतं, तिला पोरीची कणव होती, आणि त्यामुळंच केराबाईचा राग कुठं धरून ठेवावा तेच तिला कळेना. तानाबाई बिचारी दोघींच्या मधे. सकाळी आजेसासूच्या हातची मिश्री लावून घ्यायची आणि सासूला बघितलं की चूळ भरायची.

एका माणसाचा शब्द म्हातारीनं ऐकला असता. दातांच्या बाबतीत लेकाच्या डोळ्यापुढं ती कुणालाच मानत नसे. केराबाईनं धुळाप्पाला सांगितलं, पोरीच्या हिरड्या एकदा बघा आणि तुमच्या आईला सांगा. धुळाप्पा दचकलाच. सुनेनं सासऱ्यापुढं पदर ढळू द्यायचा नसतो, तिथं तोंड उघडून कुठं दाखवायचं? ते खरंच होतं. तानाबाई मेली असती, पण तसं करती ना.

"मग माजं बगा," केराबाई म्हणाली. "म्या तर तुमची बायकू हाय. माजं बगून आत्याबाईंना सांगा, हितं काय झालंय त्ये."

धुळाप्पानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आईच्या मनाविरुद्ध बोलायचं, तेही बायकोच्या सांगण्यावरून, हे त्याच्या जिवावर आलं होतं. चंची सोडत तो म्हणाला, "घरात काय बाजार मांडलाय व्हय? आई म्हंती तसं करा."

त्या रात्रीपासून मंगळवारपर्यंत केराबाई घरात कुणाशी बोलली नाही. बिरप्पानं मागावरचं सूत चाचपलं आणि बायकोला डोळ्यांनीच खुणावलं.

बाजाराच्या दिवशी ती सासूबरोबर घोंगड्या घेऊन गेली. म्हाळसाबाई नेहमीच्या लिंबाखाली चळत मांडून बसली. दहा पावलांवर मेंढरांची रांग होती आणि धुळाप्पा वाकून एकेक जबडा उघडत, आवाज चढवून सांगत चालला होता. चार दाती, हिरडी घट. जुळलेली, दोन वेतं देईल. त्याचा आवाज ऐकून केराबाईचे कान तापले. हा माणूस इथं खोटं बोलत नाही. इथं सख्ख्या मेव्हण्याला सोडत नाही. मग हीच जागा.

ती घोंगडी खाली ठेवून उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि रांगेत शेवटच्या मेंढीशेजारी जाऊन उभी राहिली. कुणाला काही कळेना. अकलूजकडचा एक जाडजूड व्यापारी होता, हिंदुराव म्हणून. तो हसून म्हणाला, "काय धुळाप्पा, घरचं जितराब बी इकायला काडलं का काय?"

दोघेचौघे हसले. केराबाईनं त्यांच्याकडं वळूनही पाहिलं नाही. नवरा समोर आला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दात सांगा."

धुळाप्पाचा चेहरा उतरला. घरी जा, असं तो दबल्या आवाजात म्हणाला. तिनं पुन्हा तेच म्हटलं. मग तिनं तोंड उघडलं, अंगठा खालच्या हिरडीला लावला आणि दाबला. उरलेल्या दातांच्या मुळाशी पिवळा पू वर आला. हिंदुराव हसायचा थांबला.

"दाबल्याबिगर खरं बोलत न्हाय म्हंता न्हवं? दाबली. आता बोला. तुमच्या आईला ऐकू जाईल असं बोला."

धुळाप्पा हातातला तांब्या घेऊन तसाच उभा होता. वीस-बावीस वर्षं हे तोंड त्याच्यासमोर भाकरी वाढत, बोलत, हसत होतं. रोज परक्याची जनावरं दाबून बघणाऱ्या त्या अंगठ्याला एकदाही इकडं यावंसं वाटलं नव्हतं. तो वाकला. सवयीनं वाकला, असं पाहणारे म्हणतात. त्यानं खालची रांग बघितली, वरची बघितली, फटी बघितल्या. मग तो सरळ झाला, आणि बोलला तेव्हा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, फक्त मधे तुटत होता.

"वय छत्तीस. त्वांड साठीचं. हिरडी उतरलीया, खाली हाड न्हाय. पुढचं चार ह्या साली जातील." तो थांबला. बाजाराच्या रीतीप्रमाणं खोड कशानं आली तेही सांगावं लागे. "वयानं न्हाय झालं ह्ये. वरनं कायतरी चोळून रगत दाबलं हुतं. आत सडत गेलं."

लिंबाखाली म्हाळसाबाईनं हातातली मिश्रीची डबी आधी मांडीवर ठेवली, मग घोंगडीखाली सरकवली.

केराबाई तिथून सरळ घरी आली. रडली नाही. तिनं तानाबाईला न्हाणीत नेलं, कडुनिंबाची काडी स्वतः चावून मऊ करून दिली आणि रक्त आलं तरी हात थांबवू नकोस म्हणून शेजारी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दोघी सात रस्त्याला जाऊन आल्या. म्हातारीनं अडवलं नाही. ती पुढं मरेपर्यंत मिश्री लावत राहिली, पण परसात जाऊन, एकटी. सुनांच्या बोटाला तिनं पुन्हा ती भुकटी दिली नाही.

तानाबाईचं रक्त बाळंतपणाच्या आधीच कमी झालं, मुलगी झाल्यावर दोन-तीन महिन्यांत थांबलं. या वेळी खरोखर थांबलं. केराबाई दर आठवड्याला तिची हिरडी दाबून बघत असे. केराबाईचे पुढचे चार दात मात्र धुळाप्पानं सांगितलं होतं तसे त्याच साली गेले. त्याचा अंदाज चुकत नसे.

तिचा राग गेला का, असं कुणी विचारलं तर सांगणं कठीण आहे. धुळाप्पा बाजारातून येताना तिच्यासाठी मऊ केळी आणू लागला. ती घेई, खाई, पण त्याबद्दल चांगलं म्हणत नसे. म्हाळसाबाई शेंगांची चटणी तिच्यापुरती वेगळी काढून पुन्हा कुटे, इतकी बारीक की चावावं लागू नये. ती त्या कुटण्याचा आवाज ऐके आणि कातत राही. घरातली बाकीची माणसं कडक भाकरी मोडत, तो कडकड आवाज झाला की तिचा हात क्षणभर ताटावर थांबे. मग ती आपला तुकडा आमटीत बुडवी आणि मऊ व्हायची वाट बघत बसे.

नात दोन वर्षांची झाली तेव्हा एके दिवशी धुळाप्पा अंगणात तिला मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं तिचं तोंड उघडलं, नुकतेच जुळलेले दुधाचे दात मोजले, आणि मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, खालच्या हिरडीवर अंगठा अलगद दाबून बघितला. केराबाई दारात चात्यावर सूत कातत होती. तिनं ते पाहिलं.

"माजं येळेवर बगायचं राहिलं," ती म्हणाली, आणि धागा ओढत राहिली.